एका ‘नाही’चे एकोणीस दिवस

वाशीमच्या डॉक्टर मॅडमनी आधी आईंच्या हातात एक छोटी डबी दिली. “आजी, एवढी लघवी तपासायला देऊन या,” म्हणाल्या. आई पदर खोचून निघून गेल्या. मग मॅडमनी दार लोटलं आणि रिपोर्ट आमच्यासमोर ठेवला.

“कार्सिनोमा सर्व्हिक्स,” त्या म्हणाल्या. “म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. स्टेज टू बी आहे. म्हणजे तो तोंडाशीच थांबलेला नाही, बाजूला थोडा सरकलाय. ऑपरेशन नाही, रेडिएशन लागेल. अकोल्याला जा, उशीर करू नका.”

माझे मिस्टर विलास यांच्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते असं, “मॅडम, आईला सांगू नका.”

मॅडम म्हणाल्या, “ते तुमचं तुम्ही घरात ठरवा. पण उपचार सुरू करा.” बाहेर चाळीस पेशंट होते. त्यांनी पुढचा नंबर पुकारला.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय अठ्ठावन्न. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावपासून थोडं आत आमचं गाव आहे. विलासचं मालेगावात पाण्याच्या मोटारी बांधायचं दुकान, शेती आई बघतात आणि मी घरी शिलाई करते. हे सगळं लिहायला बसले त्याचं कारण हे की, घरात असा रिपोर्ट आला की पहिला प्रश्न उपचाराचा पडत नाही. पेशंटला सांगायचं की नाही, हाच पडतो. निदान आमच्याकडे तरी तसंच झालं. माझ्यासारखं अडकलेलं कोणी हे वाचत असेल तर माझं वाचून ठेवा. उत्तर मात्र मागू नका, ते मला अजून नीट सापडलेलं नाही.

आजार कळला तो माझ्या मशीनमुळे. आई रोज माझ्याकडून अस्तराच्या सुती कापडाचे तुकडे मागून न्यायच्या. मला वाटायचं, देवासमोरच्या वाती करत असतील नाहीतर कंदील पुसत असतील. महिना झाला, दीड महिना झाला, तुकडे पुरेनात. एकदा मी विचारलं, “आई, एवढ्या चिंध्या कुठं जातात?” तर म्हणाल्या, “उष्णतेनं जरा अंगावर जाऊन राह्यलं वं. होईल बरं.” त्यांची पाळी जाऊन आठ वर्षं झाली होती. बायांनो, पाळी गेल्यावर एक थेंब जरी दिसला तरी उठून दवाखाना गाठा. उष्णतेचं नाव पुढं करून आमच्या आईंनी चार महिने घालवले.

मग सोनोग्राफी झाली, मग बायोप्सी. बायोप्सी म्हणजे दुखऱ्या जागेचा नखाएवढा तुकडा काढून तपासायला पाठवतात. आठ दिवसांनी तो रिपोर्ट आला.

आता माझ्याबद्दल सांगते, कारण त्याशिवाय पुढचं समजायचं नाही. मी ख्रिस्ती आहे. माहेर वाशीमचं. लग्न आवडीनं झालं, दोन्हीकडून थोडी आदळआपट झाली आणि मग सगळे थकले. आईंनी मला देवळात यायला कधी सांगितलं नाही आणि मी त्यांच्या देवघराला कधी नाक मुरडलं नाही. पण मी एक गोष्ट लग्नाआधीच पक्की केली होती, की श्रद्धा रविवारपुरती ठेवायची नाही. चुलीपाशी, मशीनपाशी, भांडणातसुद्धा तिचंच ऐकायचं. ऐकायला हे फार मोठं वाटतं. प्रत्यक्षात ते कसं दिसतं सांगू? सगळ्या शिंपिणी “उद्या देते” म्हणतात, मी “दहा दिवस लागतील” म्हणायची. अर्धी गिऱ्हाइकं त्यामुळेच गेली.

आणि मी शपथ घेत नाही. आमच्यात असं शिकवतात की हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही, त्यावर शपथ कशाला. लग्नाच्या पहिल्याच वर्षी माझी नणंद मंदाताई माहेरी आली होती आणि तिची अंगठी हरवली. घरातल्या सगळ्यांनी गळ्याला चिमटा लावून शपथा घेतल्या. मी म्हणाले, मी घेतली नाही, पण शपथ घेणार नाही. झालं! दोन दिवस मी चोर. तिसऱ्या दिवशी अंगठी कणकेच्या डब्यात सापडली. तेव्हापासून आई शेजारणींना सांगायच्या, “इच्या ‘नाई’ले शपथ नाई लागत.” खोटं कशाला बोलू, मला त्याचा मोठा अभिमान होता.

अकोल्याच्या दवाखान्यात गेलो तेव्हा घरात ठरून गेलं होतं. आईंना म्हणायचं, पिशवीच्या तोंडाला जखम आहे, ती वाळायला शेक द्यावा लागतो. रेडिएशनला आमच्याकडे शेकच म्हणतात, त्यामुळे ते सगळ्यांना सोपं गेलं. मंदाताईनं फोनवर मला बजावलं, “वहिनी, तुमचं ते खरं-बिरं या वेळेस बाजूला ठेवा. आईनं हाय खाल्ली तर तुमी जबाबदार.” मी म्हणाले, मी काही बोलणारच नाही. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नाही, अशी मी माझी समजूत काढली. मनातून मात्र पोखरत होतं.

अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, “पंचवीस शेक, आठवड्यातून पाच. सोबत दर आठवड्याला एक किमो, म्हणजे औषधाचं सलाईन. नंतर तीन वेळा ब्रॅकीथेरपी, म्हणजे आतून शेक. दोन महिने धरा. सोमवारी ॲडमिट व्हा.” रक्त थांबायच्या गोळ्या लिहून दिल्या.

गोळ्या आणायला विलास खाली गेले. आई आणि मी व्हरांड्यात चटई टाकून बसलो होतो. समोरून डोक्यावरचे केस गेलेली एक बाई गेली. आईंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“करुणे, इकडं पाह्य. हे सगळे मले जखम जखम करून राह्यले. पोट्टा डोयात पाहून बोलत नाई. मंदा फोनवर रडते. तू सांग. मले तो मोठा रोग हाय का?”

मी सांगते तुम्हाला, त्या क्षणी मला काहीच आठवलं नाही. ना प्रार्थना, ना शिकवण. त्यांचा चेहरा दिसत होता आणि त्यावरची भीती दिसत होती. जिना चढून येणारे विलास दिसत होते.

“नाही,” मी म्हणाले.

“बस मंग,” आई म्हणाल्या. त्यांचे खांदे खाली आले. “तू नाई म्हनली म्हंजे नाई.” पिशवीतून शेंगदाणे काढून त्यांनी खाल्ले, मलाही दिले. मीही खाल्ले.

पुढे काय होईल याचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. रविवारी संध्याकाळी आईंनी जाहीर केलं की त्या अकोल्याला येणार नाहीत. “सोयाबीन उभं हाय. एका जखमेसाठी दोन महिने तिथं कायले पडून राहू? गोयीनं रक्त थांबलं. रास घरात आली का मंग पाहू.” विलासनं समजावलं, ओरडून बघितलं, मंदाताई येऊन रडली. आईंचं एकच, “करुणेनं सांगतलं. मोठा रोग नाई.”

म्हणजे बाकी सगळ्यांचं खोटं चाललं नाही. चाललं ते फक्त माझं. बारा वर्षं खरं बोलून मी जो विश्वास कमावला होता, त्याच्यावर विसंबून आई शेतात जाऊ लागल्या.

आता तुम्ही म्हणाल, लगेच जाऊन खरं का नाही सांगितलं? मीही रोज तेच म्हणत होते. सकाळी ठरवायची की आज सांगते. दुपारी वाटायचं, विलास आणि मंदाताई म्हणतात तेही खरं असेल, आईंनी हाय खाल्ली तर? घरच्यांचं ऐकावं, वडीलधाऱ्यांना दुखवू नये, हेही श्रद्धाच शिकवते ना? संध्याकाळी वाटायचं, मला खरं सांगायचंय ते आईंसाठी, की माझ्या मनावरचा डाग धुवायला? हा शेवटचा प्रश्न फार वाईट होता. तो आला की मी मशीनवर बसायची आणि एकाच बाहीची शिवण तीनदा उसवायची.

वाशीमला चर्चमध्ये गेले तेव्हा पाळकांना गाठलं. मला वाटलं, ते ठणकावून सांगतील की खोटं ते खोटं, जा आणि सांगून टाक. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “बाई, माझ्या वडिलांना हाच आजार होता. मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. चूक केली की बरोबर, मला अजून कळत नाही. मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो.” मला राग आला. ज्यांनी उत्तर द्यायचं तेच असं बोलतात! बसमध्ये मात्र मला त्यांची दया आली, आणि माझी जरा जास्तच.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी मळणीयंत्र आलं होतं. मी डबा घेऊन शेतात गेले तर आई यंत्रापाशी नव्हत्या. विहिरीपलीकडच्या हौदाशी बसून लुगडं धूत होत्या, अंगावर जुनं पातळ गुंडाळलं होतं. हौदाचं पाणी तांबडं झालं होतं. गोळ्या दोन दिवसांपूर्वीच संपल्या होत्या.

“पाहून नको राहू अशी,” त्या म्हणाल्या. “जखम हाय, वाहीलच ना.”

मी त्यांच्या समोर मातीत बसले. “आई, मी खोटं बोलले. तुम्हाला कॅन्सर आहे. शेक घेतला तर बरं व्हायची आशा आहे, असं डॉक्टर म्हणाले. हे मात्र खरं आहे.”

यंत्राचा आवाज चालूच होता. आईंनी लुगडं पिळलं, दोनदा पिळलं, बाजूच्या दगडावर ठेवलं.

“कोनाकोनाले मालूम हाय?”

“सगळ्यांना.”

“मंदाले?”

“हो.”

“म्हंजे मलेच नाई.” मग हौदाकडे बघत म्हणाल्या, “तू काहून खोटं बोलली वं?”

“भ्याले.”

“मी त्या दोघायले इचारलं नोतं,” आई म्हणाल्या. “मी तुले इचारलं होतं.”

आईंनी हाय खाल्ली नाही. छातीवर हात मारून रडल्याही नाहीत. उठल्या, ओलं लुगडं खांद्यावर टाकलं आणि घराकडे चालू लागल्या. मी मागून गेले तर वळून म्हणाल्या, “तू डबे वाट मानसायले.”

घरी विलास माझ्यावर भडकले. “कशाला सांगितलंस? तुझ्या देवानं सांगितलं का?” देवानं सांगितलं की रक्तानं सांगितलं, मला खरंच ठाऊक नाही. एकाच दिवसात एक माणूस मी सांगितलं म्हणून चिडलं होतं आणि दुसरं सांगितलं नाही म्हणून. दोघंही बरोबर होती असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी आईंनी पिशवी भरली. “अकोल्याले चाला. मंदा येईल संगं. करुणा नको.”

अकोल्याच्या डॉक्टरांनी परत तपासलं. विलासनं विचारलं, या एकोणीस दिवसांत काही वाढलं का? डॉक्टर म्हणाले, “सांगता येत नाही. फार फरक दिसत नाही. पण आधी आला असता तर बरं झालं असतं.” विलासनं मला हे फोनवर जसंच्या तसं सांगितलं. ‘सांगता येत नाही’ हे तीन शब्द घेऊन मी तेव्हापासून फिरते आहे.

आठ दिवसांनी मंदाताईच्या मुलांची परीक्षा आली, म्हणून मला जावं लागलं. आईंनी सरकून चटईवर जागा दिली.

शेकाबद्दल थोडं सांगते, म्हणजे कोणी घाबरणार नाही. शेक देताना दुखत नाही, पाच-दहा मिनिटं मशीनखाली निजायचं असतं. पोटावर शाईच्या खुणा करतात, त्या अंघोळीत पुसू द्यायच्या नाहीत. आधी पाणी पिऊन लघवी भरून ठेवायची असते, म्हाताऱ्या बायांना तेच सगळ्यात अवघड. तिसऱ्या आठवड्यापासून जुलाब लागतात आणि लघवीला आग होते. ताक-भात, मऊ खिचडी द्या. किमोच्या दिवशी मळमळतं, तेव्हा आग्रह करू नका.

वाट बघायच्या जागेवर वीसेक पेशंट असायचे आणि त्यातल्या निम्म्यांना आपल्याला काय झालंय ते माहीत नसायचं. आमच्या आई तिथं बसल्या बसल्या शेजारणीला विचारायच्या, “मले क्यान्सर हाय. तुले काय हाय?” की त्या शेजारणीची मुलं धावत यायची. एकानं तर सिस्टरकडे तक्रार केली की या आजींना दुसरीकडे बसवा. सिस्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, “तुमच्या पेशंटला जरा हळू बोलायला सांगा.” मी सांगितलं. आई म्हणाल्या, “काहून? माया रोग हाय, मी सांगतो.” मला हसू आवरेना, आणि मग वाटलं की हसायचा मला काय हक्क.

कारण माझं त्या काहीच मानत नव्हत्या. मी म्हणाले आज सोळावा शेक, की त्या सिस्टरला विचारून यायच्या. मी म्हणाले डॉक्टर राऊंडला येऊन गेले, की समोरच्या बाईला विचारायच्या, “आले होते का वं?” खिचडीत मीठ आहे म्हटलं तरी आधी बोटानं चाखायच्या. भांडण नाही, टोमणा नाही, फक्त खात्री करून घ्यायच्या. मार खाल्लेला परवडला असता.

पहिल्या ब्रॅकीथेरपीच्या सकाळी त्या घाबरल्या होत्या. मी खिडकीपाशी उभी राहून डोळे मिटले, तर मागून आवाज आला, “करुणे, प्रार्थना करून राह्यली का?”

“हो.”

“मंग जोरात कर. काय मागते ते मले आयकू येऊ दे.”

पलंगाशेजारी उभं राहून मी मोठ्यानं प्रार्थना करायला लागले. लहानपणापासून पाठ झालेली वाक्यं आहेत माझ्याकडे, धो धो येतात. पण आई डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होत्या, आणि एकेक वाक्य माझ्या तोंडाशी येऊन अडायला लागलं. तू बरं करणारच आहेस, असं म्हणू? मला माहीत होतं का ते? शेवटी मी म्हणाले, “देवा, आईंना बरं कर असं मी मागते. तू करशील की नाही, मला माहीत नाही. मी यांच्याशी खोटं बोलले. मला भीती वाटते. यांना दुखू देऊ नकोस.” एवढंच. आमेन म्हणायलाही विसरले.

आई म्हणाल्या, “ठीक हाय.” आणि सिस्टरबरोबर आत गेल्या.

मी इतकी वर्षं समजत होते की श्रद्धेचं ऐकायचं म्हणजे उत्तर आधीच माहीत असणं. त्या सकाळी माझ्याजवळ एकही उत्तर नव्हतं आणि तरी ती माझी पहिली खरी प्रार्थना होती, असं मला वाटतं. वाटतं, एवढंच म्हणते. या बाबतीत आता मी जपून बोलते.

उपचार संपले. तीन महिन्यांनी एमआरआय काढला, म्हणजे आतले फोटो. रिपोर्ट बघायला आई आणि मी दोघीच अकोल्याला गेलो. नंबर लागल्यावर डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, “तुम्ही आत या, आजींना बसू द्या.”

“नाई,” आई म्हणाल्या. “माया रिपोट हाय. मी येतो. करुणे, तू बस बाहेर.” फाइल माझ्या हातातून घेतली आणि दार लावून घेतलं.

आत किती वेळ गेला, मी बघितलं नाही. आई बाहेर आल्या त्या तोंडावर पाणी मारल्यासारख्या दिसत होत्या. रडल्या होत्या की आतल्या बेसिनवर खरंच तोंड धुतलं होतं, कळलं नाही.

“काय म्हणाले, आई?”

“बरं हाय म्हने. तीन महिन्यानं बलावलं.”

“आणखी काही?”

“इतकंच.”

फाइल त्यांच्या पिशवीत होती. त्यांना वाचता येत नाही, मला येतं. डॉक्टरांचं दार चार पावलांवर होतं. मी पिशवीकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि म्हणाले, “चला, बस सुटेल.” बसमध्ये त्या खिडकीला डोकं टेकून झोपल्या. मालेगाव येईपर्यंत मी त्यांच्या श्वासाकडे बघत होते.

ती फाइल आता त्यांच्या पेटीत आहे. रोज एकदा तरी वाटतं की डॉक्टरांना फोन करावा. केलेला नाही. हे शहाणपण आहे की वेडेपणा, तुम्हीच ठरवा. आई जेवतात, शेतात जातात, मधूनच कंबर धरून बसतात. ती कंबर शेकानं धरते की आणखी कशानं, मला ठाऊक नाही. त्या आहेत याचा आनंद मात्र सकाळी त्यांचा खोकला ऐकला की पोटातून येतो, त्यात मला काही गोंधळ नाही.

त्या दिवशी संध्याकाळी विलास दुकानातून आले ते थेट स्वयंपाकघरात. आई तिथंच लसूण सोलत होत्या. विलासनं विचारलं मला, “काय सांगितलं डॉक्टरांनी?”

“आई म्हणतात, बरं आहे.”

“आई म्हणते म्हणजे? तू आत नव्हतीस? डॉक्टरला विचारलं नाहीस?”

“नाही. मी आईंना विचारलं.”

आईंनी मान वर केली. विलासकडे नाही, माझ्याकडे बघत राहिल्या. मग सोललेला लसूण माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, “भाजीत मीठ टाकलं का वं?”

“टाकलं,” मी म्हणाले.

त्यांनी चाखून बघितलं नाही.